पीपीई किट: पूर्ण पाळी अंगावर वागवल्यानंतरचे परीक्षण

कोविड-19 च्या साथीत अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करताना मी अनेक उत्पादकांचे पीपीई किट वापरले. शिवणीत आणि मापात थोडाफार फरक असला, तरी संच सगळीकडे सारखाच होता: एन-95 मास्क, गॉगल, फेस शील्ड, टोपी जोडलेले कव्हरऑल (सगळे अंग झाकणारा एकसंध पोशाख), हातमोज्यांच्या दोन जोड्या आणि शूकव्हर. त्यामुळे हे परीक्षण कोणत्याही एका छापाचे नाही.

संचातील सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे मास्क. गाळणीत अडवायला सर्वांत अवघड समजल्या जाणाऱ्या सुमारे 0.3 मायक्रॉन आकाराच्या कणांपैकी किमान 95 टक्के कण तो अडवतो, आणि हे काम केवळ दाट थरांमुळे होत नाही, तर पॉलिप्रॉपिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंवर दिलेला स्थिर विद्युतभार कणांना ओढून धरतो म्हणून होते. टंचाईच्या दिवसांत काही सहकाऱ्यांनी मास्क साबणाने धुतले, काहींनी त्यांवर स्पिरिट फवारले. मास्क दिसायला तसेच राहिले, पण तो भार नाहीसा झाल्यामुळे त्यांची गाळण्याची ताकद घटली होती. ही सूचना वेष्टनावर ठळक छापली असती, तर किती बरे झाले असते!

मास्क चेहऱ्याला चिकटून बसला नाही, तर हवा कडेने आत शिरते आणि गाळणीचा काही उपयोग उरत नाही. त्यासाठी फिट टेस्ट असते: डोक्यावर हूड चढवून आत कडू किंवा गोड द्रावणाचा फवारा सोडतात, आणि मास्क घालूनही चव लागली, तर तो मास्क त्या चेहऱ्यासाठी बाद ठरतो. आमची ही चाचणी पहिले कित्येक महिने झालीच नाही. जे माप आले, ते सर्वांना वाटले गेले. दाढी राखणाऱ्यांनाही आणि निमुळत्या चेहऱ्याच्या मुलींनाही.

कव्हरऑलबद्दल मात्र माझे मत वाईट आहे. बाहेरचा द्रव आत येऊ नये म्हणून वापरलेल्या लॅमिनेट कापडातून घामही बाहेर जात नाही. तासाभरात आतले कपडे भिजतात, गॉगलवर वाफ धरते, आणि दुहेरी हातमोज्यांतून शीर बोटांना लागत नसताना अंदाजाने सलाइन लावण्याची वेळ येते. कान झाकल्यामुळे स्टेथोस्कोप निरुपयोगी ठरतो. सहकारी ओळखू यावेत म्हणून आम्ही छातीवर मार्करने नावे लिहीत असू. ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणाऱ्या कर्णबधिर रुग्णांसाठी कागदावर लिहून दाखवण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. एकदा उतरवलेले किट पुन्हा घालता येत नाही आणि नवे मिळण्याची खात्री नाही, म्हणून ड्यूटीआधी पाणी न पिणे आणि मासिक पाळीच्या दिवसांतही स्वच्छतागृह टाळणे, हे आमच्या अंगवळणी पडले. यातली खरी खंत अशी की जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार कोविड रुग्णांच्या देखभालीसाठी कव्हरऑल, दुहेरी हातमोजे किंवा हूड आवश्यक नव्हते. हा पोशाख इबोलासारख्या साथींतला होता. गाऊन, हातमोज्यांची एकच जोडी, मास्क आणि डोळ्यांचे संरक्षण एवढ्यावर भागले असते.

किट चढवण्यापेक्षा उतरवणे अधिक जोखमीचे असते, कारण दूषित झालेली असते ती बाहेरची बाजू आणि तिला हात लावतो थकलेला माणूस. खोलीत मोठा आरसा आणि क्रम मोठ्याने सांगणारा सहकारी असेल, तर चुका टळतात. ही सोय मला मोजक्याच वेळा मिळाली.

पुरवठ्याचा दोष एकट्या उत्पादकांवर ढकलता येणार नाही. 3 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जगभरात दरमहा 8 कोटी 90 लाख वैद्यकीय मास्क लागतील, असा अंदाज दिला होता. जानेवारी 2020 ते मे 2021 या काळात कोविडमुळे 80,000 ते 1,80,000 आरोग्य कर्मचारी दगावले असावेत, असेही तिचे अनुमान आहे, आणि त्यात अपुऱ्या साधनांचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

पाचपैकी मास्कला चार गुण, गॉगलला दोन, कव्हरऑलला एक. खरेदी करणाऱ्या रुग्णालयाने आधी कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यांची मापे घ्यावीत, किमान तीन आकार मागवावेत आणि किटच्या खर्चातच बदली कर्मचाऱ्यांचा खर्च धरावा. ज्या आठवड्यात आम्हाला दर चार तासांनी बदली मिळाली, त्या आठवड्यात याच किटविषयी माझ्या तक्रारी निम्म्यावर आल्या होत्या.