डी अँड डी, अपोकॅलिप्स वर्ल्ड की ब्लेड्स: मास्टरच्या हातात नेमकं काय?

‘मास्टरला नियम बदलता येतात का?’ यावर टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या नव्या ग्रुपमध्ये तासभर वाद होतो. (या गेममध्ये प्रत्येक खेळाडू एक पात्र साकारतो आणि मास्टर बाकीचं जग चालवतो.) त्याऐवजी एकच प्रसंग तिन्ही गेममध्ये चालवून बघा: चोराला भिंत चढून वाड्यात शिरायचंय.

डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स) पाचव्या आवृत्तीत (2014 ची असो वा 2024 ची) रोल, म्हणजे फासा टाकणं, लागतो का, पात्राच्या कोणत्या गुणावर आणि डीसी (यशासाठी गाठायचा आकडा) किती, सगळं डीएम, म्हणजे इथला मास्टर, ठरवतो. वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा चोराचा बोनस +5 असेल तर डीसी 15 ला यशाची शक्यता 55 टक्के, डीसी 20 ला 30. म्हणजे एकही नियम न मोडता डाव फिरवता येतो. पण घोळ बहुतेकदा दुसरीकडेच होतो. चढायला एक, कठडा ओलांडायला एक, उतरायला एक असे तीन रोल मागितले, की 55 चे जेमतेम 17 टक्के उरतात. डीएमला वाटतं, थरार वाढला! एका कामाला एकच रोल ठेवा आणि डीसी फासा पडण्याआधी सांगून टाका.

अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये (2010) मास्टर फासे टाकत नाही आणि डीसी हा प्रकारच नाही. खेळाडू सहा बाजूंचे दोन फासे टाकून त्यात आपला गुण मिळवतो: 10 च्या वर गेलं किंवा 10 आले तर काम फत्ते, 7 ते 9 आले तर काहीतरी किंमत मोजून, 6 किंवा कमी आले तर मास्टरची चाल, म्हणजे तो काही अडचण आणतो. ती किती कडक, हे मात्र त्याच्या मर्जीवर. डी अँड डीतून आलेले मास्टर इथे हटकून चुकतात: ‘भिंत निसरडी आहे, वजा 2.’ गुण +1 असलेल्या चोराची फसण्याची शक्यता त्यामुळे 28 वरून थेट 58 टक्क्यांवर जाते. निसरडी भिंत आकड्यात नको, परिणामात दाखवा.

ब्लेड्स इन द डार्कमध्ये (2017) कोणतं कौशल्य वापरायचं ते खेळाडू ठरवतो. धोका किती आणि फायदा किती, ते मास्टर रोलआधी उघड सांगतो. पहारेकऱ्याने पाहिलं? खेळाडू प्रतिकाराचा रोल करून तो परिणाम सौम्य करू शकतो किंवा टाळू शकतो. 6 मधून पडलेल्या फाशांतला सर्वांत मोठा आकडा वजा करून उरेल तेवढा ताण (पात्रावर साचत जाणारा भार) घ्यायचा. ताणाची घरं 9 च, म्हणून हे सारखं करता येत नाही. प्रत्येक रोलआधी घासाघीस होते, त्यामुळे वेग मंदावतो.

खेळाडू नवखे, बुजरे असतील तर डी अँड डी घ्या. मास्टरची मनमानी हीच तक्रार असेल तर ब्लेड्स. अपोकॅलिप्स वर्ल्ड मास्टरने पुस्तक नीट वाचलं असेल तरच.