चिठ्ठी बॉलपेनने लिहिलेली होती

आकडा आधीच सांगतो. ३०,७७५ रुपये गेले. बारा दिवसांत, चार वेळा, माझ्याच बोटांनी. १६,५०० पेनाचे, १,८५० पाठवणावळीचे, ७,४२५ 'कस्टम'चे आणि ५,००० 'परत मिळणाऱ्या' विम्याचे. पाचव्यांदा ९,९९० मागितले तेव्हा माझे डोळे उघडले. उघडले म्हणायचं आपलं. पेन्शन जमा व्हायला तीन दिवस बाकी होते, हे खरं कारण.

आणि मी कोण? बँकेतून निवृत्त झालेला माणूस. ३१ वर्षं चेकवरच्या सह्या ताडून पाहिल्या. मुलाने वडिलांची मारलेली सही कितीदा पकडली, मोजदाद नाही. त्या मला एका चिठ्ठीने गंडवलं, आणि चिठ्ठीत काय चुकलंय ते मला दिसलं होतं. तेच सांगायला बसलोय.

पेन होतं पार्कर ५१. शाईच्या पेनांचा नाद असणाऱ्याला हे नाव समजावून सांगायला नको. १९४१ मध्ये बाजारात आलेलं, निब पुढच्या कवचाखाली लपवून ठेवल्यासारखी, फक्त टोक बाहेर. माझ्याकडे काळं आहे, पण ते नंतरचं, दाबून शाई भरायच्या पद्धतीचं. मला हवं होतं ते १९४८ च्या आधीचं व्हॅक्युमॅटिक, म्हणजे रबरी पडद्याने शाई ओढणारं, तेही सीडर ब्लू रंगात. निळा म्हणावा तर राखी, राखी म्हणावा तर निळा. सहा वर्षं शोधत होतो. सापडायची ती दांडीला तडा गेलेली, नाहीतर कुणाचं तरी नाव कोरलेली.

विकणाऱ्याशी तीन महिने गप्पा चालल्या होत्या. माणसाला पेनातलं कळत होतं, हे आजही म्हणतो. एबोनाइट, म्हणजे पेनांचं कडक रबर, उन्हात का हिरवट पडतं, राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांची निब कशी बसवतात, सगळं बोलायचा. मला 'काका' म्हणायचा. आधी त्याने मला वॉलिटी कंपनीचं '६९' हे पेन विकलं, ४५० रुपयांना. चौथ्या दिवशी घरी पोचलं, फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून. गळाला गांडूळ लावतात ते हे. पहिला छोटा व्यवहार चोख झाला की दुसऱ्या मोठ्या व्यवहाराला आपण डोळे मिटून हो म्हणतो. लहान व्यवहार चोख झाला म्हणजे माणूस चोख, असं धरू नका.

पेन अमेरिकेत बहिणीकडे आहे, ती तिथूनच पाठवेल, असं त्याने सांगितलं. सात फोटो आले. हिरव्या फेल्टवर ठेवलेलं पेन, टोपणाच्या क्लिपवर निळ्या हिऱ्याची खूण, दांडीवरचा वर्षाचा आकडासुद्धा वाचता येत होता. मी काही दुधखुळा नाही. मी म्हटलं, "आजची तारीख आणि माझं नाव कागदावर लिहून पेनाशेजारी ठेव आणि फोटो पाठव." चोरलेले फोटो पकडायची ही रीत आपल्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तासाभरात फोटो आला.

आता इथे थांबतो, कारण मी तेव्हा थांबलो नाही.

फोटो मोठा करून पाहिला. चिठ्ठीवर तारीख, खाली माझं आडनाव. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. आकड्याचं वळण जिथे फिरतं तिथे शाईची बारीक गुठळी. बॉलपेन! शाईच्या पेनाची रेघ वळणावर जाड-बारीक होते, ओलसर दिसते, हे मला सांगावं लागत नाही. त्यावर मी पगार घेतलाय. शाईचं पेन विकणारा, घरात म्हणे चाळीस पेनं असलेला माणूस, चिठ्ठी बॉलपेनने लिहितो? मी विचारलं. विचारलं, हे लक्षात घ्या. तो म्हणाला, "काका, ताईकडे कुठली पेनं? आणि ५१ मध्ये नवा रबरी पडदा बसवलाय, म्हणून कोरडंच ठेवलंय." मला पटलं. पटण्यासारखंच होतं! दुरुस्त केलेलं व्हॅक्युमॅटिक कोरडं पाठवतात, मीही तसंच पाठवलं असतं. पण त्या फोटोत पेनाची सावली डावीकडे पडत होती आणि कागदाच्या दुमडीची उजवीकडे. ते मला नंतर दिसलं, तेही भाच्याने दाखवल्यावर. चिठ्ठी जुन्या फोटोवर चिकटवलेली होती. बॉलपेन मात्र मला त्याच दिवशी दिसलं होतं. रात्री जाग येते ती त्या गुठळीने.

पुढचं पटकन सांगतो. यूपीआयवर पैसे भरताना नाव त्याचं न येता कुठल्यातरी 'ट्रेडर्स'चं आलं. मी भरले. नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, कारण काहीही सांगोत. मग पार्सलचा नंबर आला. मी तो दिवसातून दहादा तपासायचो. पेटीतल्या माझ्या पेनांच्या रांगेत एक खाच रिकामी केली होती, क्विंक शाईची नवी बाटली आणून ठेवली होती. पोस्टमन दिसला की गॅलरीत. बायको म्हणाली, "अहो, पोरीच्या बाळंतपणाला एवढे उतावीळ नव्हता." तर तो नंबर. अमेरिकेच्या टपालाने निघालेल्या पार्सलच्या नंबराचं शेपूट 'यूएस' असतं. माझ्या नंबराचं 'आयएन' होतं. कुणाच्या तरी आपल्याकडच्याच स्पीड पोस्टचा नंबर मला दिला होता.

मग 'कस्टम ऑफिसर'चा फोन, पावती, शिक्का, सगळं साग्रसंगीत. टपालाने आलेल्या परदेशी पार्सलवर ड्युटी लागली तर ती पार्सल हातात देताना पोस्टमन घेतो आणि पावती देतो. माझ्याकडे असं दोनदा झालंय! तरी ७,४२५ पाठवले. का पाठवले याला उत्तर नाही. १८,३५० आधीच अडकले होते, हे उत्तर नव्हे, पण खरं आहे.

तक्रारीची कथा तर वेगळीच. लाजेपोटी तीन दिवस कुणाला सांगितलंच नाही. हा माझा गाढवपणा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर आत्ताच फोनमध्ये भरून ठेवा आणि फसल्याचं कळताच त्याच मिनिटाला लावा. पैसे पुढच्या खात्यात पळायच्या आत अडवता आले तरच आले. लाज नंतर वाटून घ्या.

चौथ्या दिवशी बँकेत गेलो. खिडकीतला साहेब माझ्या नातवाच्या वयाचा. "पिन तुम्हीच टाकलात ना? मग ते अनधिकृत कसं?" अर्ज द्या म्हणाला. दिला. तीन प्रती मागितल्या, दिल्या. पंधरा दिवसांनी म्हणे अर्ज दुसऱ्या विभागाकडे गेला, तिकडून आला की कळवू. आम्ही असल्या अर्जावर निदान आवक क्रमांक तरी टाकायचो. तीस दिवस उलटून गेले, आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पोलीस ठाण्यात वेगळाच तमाशा. "सोळा हजारांचं पेन? सोन्याचं होतं का?" मी भाबडेपणाने म्हणालो, "निब चौदा कॅरटची असते." अख्खं ठाणं हसलं. एकाने तर खिशातलं दहा रुपयांचं पेन काढून "काका, हे घ्या" म्हटलं. मग म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. परत ठाण्यात, तर म्हणे आरोपी बाहेरच्या राज्यातला दिसतो, आमची हद्द नाही. गुन्हा कुठेही घडो, माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. मी छापून नेलं होतं. "तुम्ही वकील आहात का?" फसवणुकीचं कलमही बदललंय बरं का. पूर्वी चारशेवीस म्हटलं की शेंबडं पोरही समजायचं, आता ते ३१८ झालं. एखाद्याला 'तीनशे अठरा' म्हणून बघा, शिवीसुद्धा वाटत नाही.

तीन तास बाकावर बसवून शेवटी अर्ज घेतला. लिहायला टेबलाला सुतळीने बांधलेलं बॉलपेन दिलं. मी माझं खिशातलं काढलं तर म्हणाले, शाईचं नको, पाणी पडलं तर फुटतं. सहा आठवडे झाले. पोर्टलवर तक्रार 'प्रक्रियेत' आहे.

गेल्या मंगळवारी एका ओळखीच्याने मला एक फोटो पाठवला, घेऊ का म्हणून. हिरवं फेल्ट, क्लिपवर निळा हिरा, शेजारी चिठ्ठी. तारीख नवी, आडनाव त्याचं, किंमत १४,०००. अक्षर तेच. 'आजची तारीख' एवढंच मागू नका. त्या माणसाला विक्रीच्या पेनाचं टोपण काढून, ते तुमच्या नावाच्या कागदावर आडवं ठेवून, व्हिडिओ कॉलवर फिरवायला सांगा. त्या ओळखीच्याने तसं सांगितलं. पलीकडून 'नेटवर्क नाही' असं उत्तर आलं, आणि पाच मिनिटांनी किंमत १२,५०० झाली.