नवा कॉम्पॅक्ट की वापरलेला डीएसएलआर?

भाचीला पहिला कॅमेरा घ्यायचाय, बजेट तुटपुंजं. तेवढ्या पैशात नवाकोरा कॉम्पॅक्ट (खिशात मावणारा छोटा कॅमेरा) येतो, नाहीतर वापरलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा). आठवडाभर ती मेगापिक्सेल मोजत बसलीये. म्हटलं, अगं ते सोड, सेन्सर बघ, म्हणजे प्रकाश टिपणारी आतली चिप.

स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो, जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटर. साध्या डीएसएलआरमधला एपीएस-सी आकाराचा सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या १२-१३ पट. म्हणूनच घरातल्या मंद उजेडात कॉम्पॅक्टचे फोटो रवाळ येतात (तिथे चांगला फोनही त्याला मागे टाकतो).

टिकाऊपणाचं म्हणाल तर जुना म्हणजे कुचकामी नव्हे. शटर (फोटो काढताना उघडझाप करणारा पडदा) किती वेळा उडालंय ते विचारायचं, लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी आहे का बघायचं. लेन्स बिघडलीच तर बदलता येते. कॉम्पॅक्टची लेन्स अंगचीच. आत धूळ गेली की दुरुस्ती महागात जाते.

वजनात कॉम्पॅक्ट जिंकतो, वादच नाही. शिवाय डीएसएलआरवाल्याला पुढे लेन्सची चटक लागते, तो खर्च वेगळाच.

प्रवासात खिशात टाकून लांबचं टिपायचं असेल तर मोठ्या ऑप्टिकल (लेन्सने होणाऱ्या) झूमचा कॉम्पॅक्ट घ्यावा. छिद्र (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक), शटर, आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील ते) हाताने शिकायचं असेल तर जुना डीएसएलआर. भाचीला शिकायचंय.