घर मानेवाड्याला, मेट्रो छत्रपती चौकात: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझं घर नागपुरात मानेवाडा चौकाजवळ आहे आणि ऑफिस सिव्हिल लाइन्सला. पूर्वी मी गाडीनं जायचे. उन्हाळा लागायच्या आधी गाडी घरी ठेवली आणि मेट्रो धरली. आता उन्हाळा, पावसाळा दोन्ही त्यावर निघाले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. दिघोरी, म्हाळगीनगर, ओंकारनगर ह्या भागात राहून बर्डीकडे (सीताबर्डीकडे) नोकरीला जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. शिवाय नागपुरात पुढे मेट्रोच वाढवावी की बसचा वेगळा मार्ग करावा, ह्यावर माझं आता पक्कं मत झालं आहे, तेही सांगायचं आहे.

आधी मेट्रोबद्दल. छत्रपती चौकातून ऑरेंज लाइन पकडायची. अजनी चौक, रहाटे कॉलनी, काँग्रेसनगर, सीताबर्डी, झिरो माइल, मग कस्तुरचंद पार्क. पंधरा मिनिटांच्या आतबाहेर पोचते. छत्रपती चौकाचं स्टेशन वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर आहे. खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, आणि हे सगळं एकाच खांबावर. 3.14 किलोमीटरच्या ह्या पुलाची गिनीज बुकात नोंद झाली. रोज जाणाऱ्याला मात्र एवढंच कळतं की प्लॅटफॉर्म बराच उंच आहे. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत म्हणून निभतं, पण सकाळी खालून वर जायला दोन-तीन मिनिटं धरूनच निघावं. गाडी समोर दिसली म्हणून धावत जाऊन ती मिळत नाही.

आत गेल्यावर तक्रारीला जागा नाही. डबे स्वच्छ असतात, एसी नीट चालतो, पुढचं स्टेशन मराठीत ऐकू येतं. मे महिन्यात पारा 45 वर गेला की दुपट्टा बांधून, डोळे बारीक करून गाडी चालवणं म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको. त्या दिवसांत ही पंधरा मिनिटं खरोखर सुखाची होती. ऑफिसला पोचल्यावर डोकं दुखत नाही आणि अर्धा तास नुसतं पाणी पीत बसावं लागत नाही. माझ्या लेखी मेट्रोचा सगळ्यात मोठा फायदा हाच. वेळ आणि पैसे त्यानंतर येतात.

पैशांचंही बरंच आहे. महाकार्ड, म्हणजे मेट्रोचं कार्ड, काढलं की तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, आणि विद्यार्थ्यांना भाड्यात सवलत मिळते. सायकल डब्यात नेता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हिंगणा रोडच्या बाजूनं येणारी कॉलेजची मुलं सायकल घेऊन चढताना मी पाहिली आहेत.

आता खरी अडचण. मानेवाडा चौक ते छत्रपती चौक हे अंतर साडेतीन-चार किलोमीटरचं. मेट्रोचा पूर्ण प्रवास जितका वेळ घेतो तितकाच, कधी त्याहून जास्त वेळ ह्या तुकड्यात जातो. शेअर ऑटो भरल्याशिवाय हलत नाही. बस आली तर सोन्याहून पिवळं, पण ती कधी येईल ह्याचा भरवसा नाही. जोराचा पाऊस झाला की नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं आणि रिंग रोडची सगळी वाहनं दोन्ही बाजूंना अडून राहतात. वर मेट्रो आपल्या वेळेवर धावत असते, मी खाली ऑटोत बसलेली असते. दारापासून दारापर्यंतचा हिशेब केला तर माझा वेळ मेट्रो ठरवत नाही, रिंग रोड ठरवतो.

ही एकट्या माझी गोष्ट नाही. नकाशा समोर घेऊन पाहा. नागपूर मेट्रोच्या दोन लाइन म्हणजे एक मोठी फुली आहे. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही उत्तर-दक्षिण, लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर ही पूर्व-पश्चिम, आणि दोन्ही मुंजे चौकातल्या सीताबर्डी स्टेशनला भेटतात. पहिला तुकडा मार्च 2019 मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर 2022 मध्ये उरलेले दोन हात उघडून फुली पूर्ण झाली. त्याच महिन्यात केंद्रानं दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली: 43.8 किलोमीटर, खर्च 6,708 कोटी. त्यात खापरीकडची लाइन बुटीबोरीकडे, ऑटोमोटिव्ह चौकाकडची कन्हानला, प्रजापतीनगरची ट्रान्सपोर्टनगरला आणि लोकमान्यनगरची हिंगण्याला जाते. म्हणजे फुलीचे चारही हात लांब होतात. बुटीबोरी, हिंगण्याच्या कामगारांसाठी हे हवंच आहे, जामठ्याला सामना असला की तिकडच्या लाइनचं मोलही कळेल. पण फुलीच्या मधल्या चार कोपऱ्यांत राहणारे लोक तिथंच राहतात. मानेवाडा, बेसा, दिघोरी, नंदनवन, वाठोडा. पलीकडे गोरेवाडा, काटोल रोड. शहर वाढलं ते ह्याच कोपऱ्यांत.

ह्या कोपऱ्यांना जोडणारा एकच सलग रस्ता आहे, तो म्हणजे रिंग रोड. तो मेट्रोला चारही बाजूंना भेटतो. दक्षिणेला छत्रपती चौक, पश्चिमेला रचना रिंग रोड स्टेशन, उत्तरेला ऑटोमोटिव्ह चौक, पूर्वेला प्रजापतीनगरचा भाग. ह्यापेक्षा सोयीची रचना दुसऱ्या शहरात मागूनही मिळायची नाही. म्हणून माझं म्हणणं असं की नागपूरला ह्यापुढची सगळ्यात चांगली जलद सेवा म्हणजे रिंग रोडवर स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी बस. तिथं मेट्रो नको, मोनोरेलही नको.

मेट्रो का नको, ते आकड्यांतच सांगते. पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च 8,680 कोटी होता आणि लांबी 38 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे किलोमीटरला सव्वादोनशे कोटींच्या वर. आपली गाडी तीन डब्यांची, बसलेले-उभे धरून नऊशेच्या वर लोक मावतात. दहा मिनिटांनी एक गाडी सोडली तर तासाला एका दिशेनं साधारण साडेपाच हजार माणसं जाऊ शकतात. रिंग रोडवर एखादी जोडबस दर दोन मिनिटांनी सोडली आणि प्रत्येकीत सव्वाशे लोक बसले-उभे राहिले, तर पावणेचार हजार होतात. त्या रस्त्याला आज तेवढं पुष्कळ आहे. उद्या कमी पडलं तर बस वाढवता येतात. कोलंबियातल्या बोगोता शहराची ट्रान्समिलेनियो ही अशीच स्वतंत्र मार्गिकेची बससेवा 2000 सालापासून चालू आहे आणि गर्दीच्या वेळी एका दिशेनं तासाला 40 हजारांहून जास्त लोक नेते. बसची ताकद कमी नसते, तिला मोकळा रस्ता मात्र मिळायला हवा.

मोनोरेलबद्दल फार लिहीत नाही. मुंबईत वीसेक किलोमीटरचा मार्ग 2014 पासून टप्प्याटप्प्यानं उघडला आणि पहिल्यापासून रिकामा धावला. तो अनुभव पुरेसा आहे.

बीआरटीचं, म्हणजे अशा स्वतंत्र मार्गिकेतल्या बसचं, नाव काढलं की लोक दिल्ली दाखवतात, आणि त्यांचं चुकत नाही. दिल्लीचा पट्टा 2008 मध्ये सुरू झाला आणि 2016 मध्ये काढून टाकला. भोपाळनं मार्गिका उखडली, इंदूरनंही उखडायचं ठरवलं. पुण्यात 2006 पासून प्रयोग झाले, पण मार्गिका तुकड्यातुकड्यांत राहिल्या, त्यांत दुचाकी घुसल्या आणि सलग वेग कधी मिळाला नाही. उलट अहमदाबादचा जनमार्ग 2009 पासून टिकून आहे, कारण तिथं मार्गिका सलग आहे, थांबे बंदिस्त आहेत आणि बसचा दरवाजा थेट फलाटाला लागतो. दिल्लीचा पट्टा जेमतेम सहा किलोमीटरचा होता. एवढ्याशा पट्ट्यावर कुणाचा पूर्ण प्रवास होत नाही, त्यामुळे बसला जागा दिल्याचा त्रास सगळ्यांना आणि फायदा थोड्यांना, असं झालं. म्हणून रिंग रोडवर करायचं तर पूर्ण वर्तुळ एकदम करावं. दोन चौकांमधला नमुन्याचा तुकडा करून बघू, असं केलं की ते फसणारच.

नागपूरला बसचे प्रयोग नवे नाहीत. इथेनॉलवर चालणाऱ्या हिरव्या बस आपल्या रस्त्यांवर धावल्या आणि 2018 मध्ये बंद झाल्या. बस उत्तम होत्या, मी त्यांत बसले आहे. पण त्या त्याच गर्दीत अडकायच्या जिथं माझा ऑटो अडकतो. आता सव्वाशेहून जास्त लोकांना नेणाऱ्या, थांब्यावर काही सेकंदांत चार्ज होणाऱ्या इलेक्ट्रिक बसची घोषणा नितीन गडकरींनी नागपूरसाठी केली आहे. तशी बस आली तर मला आनंदच होईल. पण रिंग रोडवर तिला स्वतःची मार्गिका आणि चौकात आधी सुटणारा सिग्नल मिळाला नाही, तर तीही नरेंद्रनगरच्या पुलापाशी माझ्या ऑटोच्या मागे उभी राहील.

आणखी एक गोष्ट बसइतकीच महत्त्वाची वाटते, ती म्हणजे स्टेशनपर्यंतची पायवाट. छत्रपती चौकात ऑटोतून उतरून जिन्यापर्यंत जायला फुटपाथ सलग नाही. कुठे ठेला, कुठे उभ्या गाड्या, कुठे उघडं चेंबर. म्हाताऱ्या माणसाला, लहान मूल कडेवर असलेल्या बाईला तेवढी शंभर पावलं जड जातात. कोट्यवधींच्या पुलाखालचा हा तुकडा दुरुस्त करायला एखादा महिना लागेल.

सध्याच्या सोयीत जमवायचं असेल तर माझा सल्ला असा. सकाळी नऊच्या आधी निघा, रिंग रोड तेव्हा मोकळा असतो. पावसाच्या दिवशी नरेंद्रनगरचा नाद सोडा आणि मेडिकल चौकाकडून आत शिरा. दुचाकी असेल तर स्टेशनाजवळ ठेवून पुढे मेट्रोनं जा, बर्डीवर पार्किंग शोधण्याचा त्रास वाचतो. परतताना रात्री दहाचं भान ठेवा, त्या सुमारास शेवटची गाडी टर्मिनलवरून सुटते. ज्यांचं घर आणि काम दोन्ही फुलीच्या हातांवर आहे, म्हणजे सुभाषनगर ते बर्डी, इंदोरा ते एअरपोर्ट असं, त्यांनी तर उद्यापासूनच गाडी घरी ठेवावी.