गुळाच्या अडतीचा जुना हिशेब आणि क्यूएमूच्या डिस्क इमेज : वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका गूळ अडत्याची जुनी खाती अजून डॉसवरच्या फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममध्ये आहेत. रोजचं काम नव्या सॉफ्टवेअरवर चालतं, पण एखाद्या शेतकऱ्याच्या जुन्या उचलीचा घोळ निघाला की दिवाणजी काळ्या पडद्याकडेच वळतात. "दादा, नवीन काय बी करा, हे तेवढं मोडू नका," एवढीच त्यांची अट. म्हणून त्या हार्ड डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाईलमधली नक्कल, करून ती क्यूएमूवर आणली. क्यूएमू हा एमुलेटर, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत जुनं मशीन उभं करणारा प्रोग्राम. आता वर्ष होत आलं. माझा खरा संबंध येतो तो एमुलेटरपेक्षा त्याच्यासोबतच्या क्यूएमू-इमेज (qemu-img) या कमांडशी, म्हणून तिच्याबद्दलच लिहितो.

४ जीबीची डिस्क आधी जशीच्या तशी रॉ फाईलमध्ये उतरवली, मग क्यूकाऊ-२ (qcow2) या क्यूएमूच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट केली. हा फॉरमॅट डेटा असेल तेवढीच जागा घेतो म्हणतात. हे अर्धंच खरं. जिथं शून्यं नाहीत तो प्रत्येक भाग त्याच्या लेखी भरलेला. डॉसमध्ये फाईल डिलीट केली की फॅटमधली, म्हणजे डिस्कवरच्या फायलींच्या यादीतली, नोंद जाते, मजकूर जागेवरच राहतो. त्यामुळे वर्षानुवर्षं पुसलेल्या इंडेक्स फायलींचं भूतही इमेजमध्ये आलं. उपाय सोपा आहे, फक्त वेळखाऊ: सी आणि डी दोन्हींची मोकळी जागा शून्यांच्या फाईलने भरायची, ती फाईल पुसायची आणि पुन्हा कन्व्हर्ट करायचं. क्यूएमू-इमेजला 'इन्फो' दिलं की डिस्कचा दाखवायचा आकार आणि फाईलने खरी व्यापलेली जागा, असे दोन आकडे दिसतात. दुसरा आकडा झरकन उतरला तेव्हा जीव भांड्यात पडला.

सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे बेस आणि त्यावरचा थर. मूळ इमेज रीड-ओन्ली करून ठेवली; हा झाला बेस. रोजचं लिखाण वेगळ्या छोट्या फाईलमध्ये जातं, तो थर. क्यूएमूच्या ६.१ आवृत्तीपासून बेसचा फॉरमॅट स्पष्ट सांगितल्याशिवाय थर तयारच होत नाही. कटकट वाटते, पण बरोबर आहे. नाहीतर एमुलेटरच्या आत चालणारी सिस्टिम रॉ फाईलच्या सुरुवातीला खोटं हेडर (फॉरमॅटची ओळख सांगणारा मजकूर) लिहून क्यूएमूला फसवू शकते.

तक्रार एकच, पण मोठी. थर असताना बेसमध्ये कुणी काही लिहिलं तर थर बिघडतो आणि त्याची धड सूचनाही मिळत नाही. शिवाय थराच्या आत बेसचा पत्ता लिहिलेला असतो. फोल्डर बदललं की 'रीबेस' करत, म्हणजे थराला बेसचा नवा पत्ता देत बसा. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या माणसाला बॅकअप वरच्या मजल्यावर न्यायचा असतोच, तेव्हा दोन्ही फायली जोडीनं न्यायच्या.

स्नॅपशॉटवर, म्हणजे इमेजच्या त्या क्षणाच्या जपून ठेवलेल्या स्थितीवर, फार विसंबू नका. तो त्याच फाईलच्या पोटात असतो. फाईल गेली की तोही गेला. लाईट गेल्यावर मात्र 'चेक' जरूर चालवा. 'लीक' निघाली तर नुसती जागा वाया गेलेली असते, घाबरायचं कारण नाही. 'करप्शन' निघालं तर आधी कॉपी काढा, मग दुरुस्ती. मशीन चालू असताना इमेजला हात लावायचा नाही. क्यूएमूच्या २.१० आवृत्तीपासून चालू इमेजवर लॉक असतो, तो जबरदस्तीनं मोडू नका.

दिवाळी पाडव्याला गुळाचे सौदे निघायच्या आधी बेसची एक कॉपी बाजूला काढून थर मूळ बेसमध्ये 'कमिट' करायचा, म्हणजे मिसळून टाकायचा आहे. हंगाम सुरू झाला की दिवाणजी खुर्ची सोडत नाहीत.