नाकातला पू डोळ्यापर्यंत गेला तेव्हा : छत्रपती संभाजीनगरच्या एका रुग्णालयातील आठ दिवस

गेल्या वर्षी दिवाळी सरली, कापसाची वेचणी ऐन भरात होती आणि त्याच दिवसांत माझ्या अकरा वर्षांच्या पुतण्याला या रुग्णालयात आठ दिवस ठेवावे लागले. साध्या सर्दीने सुरू झालेला आजार त्याच्या डाव्या डोळ्यामागे जाऊन पोहोचला होता. कान-नाक-घसा आणि नेत्र हे दोन्ही विभाग एकाच छताखाली असण्याचे मोल त्या दिवसांत कळले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

आम्ही अंबड तालुक्यातले. मुलाला आठवडाभर सर्दी होती, नाकातून पिवळट घट्ट शेंबूड येत होता आणि उतरलेला ताप पुन्हा चढला होता. एके दिवशी सकाळी डावी पापणी सुजलेली दिसली आणि घरात सगळ्यांनी डोळे आले असेच धरले. जवळच्या दवाखान्यातून डोळ्यात घालायचे थेंब मिळाले आणि त्यात दोन दिवस गेले. सूज डोळ्याला दिसत असताना आजार नाकात असेल, हे आमच्याही मनात आले नव्हते. तिसऱ्या दिवशी डोळा किंचित पुढे आल्यासारखा वाटू लागला, मुलगा नाकाकडे नजर वळवताना कळवळू लागला, तेव्हा भावाने गाडी काढली आणि आम्ही रात्री नऊच्या सुमारास येथे पोहोचलो.

अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरांनी पहिली पाच मिनिटे जे केले, ते मी लक्ष देऊन पाहिले. त्यांनी सुजलेली पापणी हलक्या हाताने उचलली, बोटामागे नजर चारही दिशांना फिरवायला लावली, दोन्ही बाहुल्यांवर आळीपाळीने बॅटरीचा उजेड टाकला आणि भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरे एकेका डोळ्याने वाचून घेतली. सूज पापणीपुरती असेल तर आतला डोळा मोकळा फिरतो, फिरवताना दुखत नाही आणि नजरही स्वच्छ राहते. डोळा पुढे येऊ लागला, हलवताना दुखू लागला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर संसर्ग खोबणीच्या आत शिरला असे समजावे, असे त्यांनी आम्हाला सरळ शब्दांत सांगितले. सकाळची वाट न पाहता त्यांनी शिरेतून अँटिबायोटिक सुरू केले आणि रात्रीच सी.टी. स्कॅन करून घेतला.

तो स्कॅन दाखवताना कान-नाक-घसा विभागाच्या डॉक्टरबाईंनी सांगितलेली गोष्ट माझ्या मनातून जात नाही. नाकाच्या मुळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे लहान लहान कप्पे असतात. त्यांना एथमॉइड सायनस म्हणतात. हे कप्पे आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये जे हाड असते ते इतके पातळ असते, की त्याच्या लॅटिन नावातच कागद आहे. शिवाय या भागातल्या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे रक्ताबरोबर जंतूही दोन्हीकडे जाऊ शकतात. पुतण्याच्या बाबतीत त्या कागदी हाडाच्या आणि त्यावरच्या आवरणाच्या मध्ये पू साचला होता. 1970 साली चँडलर यांनी या आजाराच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिली पापणीच्या सुजेची आणि पाचवी मेंदूलगतच्या मोठ्या शिरेत रक्त गोठण्याची. आम्ही तिसरीवर उभे होतो. खोबणीला चारही बाजूंनी हाड असल्याने साचलेल्या पुवाला पसरायला जागा नसते, मग दाब डोळ्याच्या नसेवर आणि तिच्या रक्तपुरवठ्यावर येतो, आणि अशी नजर काही तासांतही जाऊ शकते.

म्हणूनच या रुग्णालयाची मला सर्वांत मोलाची वाटलेली सेवा यंत्रांची नाही, पहाऱ्याची आहे. औषधाला उतार पडतो का ते पाहण्यासाठी पहिला दिवस ठेवला होता आणि त्या काळात वॉर्डातल्या सिस्टर दर दोन तासांनी येत. त्यांच्या खिशात डोळ्याच्या थेंबांच्या बाटलीचे एक लाल झाकण असे. एक डोळा तळहाताने झाकून त्या विचारत, “सांग बरं बाळा, लाल कसा दिसतो?” दिवसभर उत्तर एकच होते. रात्री दोनच्या फेरीला मुलगा म्हणाला, “इकडून कुंकवावाणी दिसतंय, तिकडून जुन्या विटेवाणी.” झोपमोड झालेल्या लेकराचे बोलणे म्हणून ते सोडून देणे सोपे होते. सिस्टरांनी झाकण पुन्हा दोन्ही डोळ्यांसमोर धरून पाहिले आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. नसेवर दाब येऊ लागला की अनेकदा अक्षरांच्या आधी लाल रंग फिका पडतो, हे आम्हाला नंतर कळले.

अर्ध्या तासात नेत्रविभागाचे आणि कान-नाक-घशाचे असे दोन्ही डॉक्टर एकाच खाटेपाशी उभे होते. पहाटे भूल देऊन, नाकातूनच दुर्बीण घालून पू काढला. चेहऱ्यावर एकही टाका नाही. संध्याकाळच्या फेरीला दोन्ही डोळ्यांचा लाल सारखा झाला होता. माझी वहिनी तेव्हा प्रथमच जेवली. पुवाचा नमुना तपासणीला पाठवला होता. त्याचा अहवाल आल्यावर इंजेक्शन बदलले आणि घरी सोडताना पुढच्या दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या.

शेजारच्या खाटेवर बीडकडचे साठीतले एक आजोबा होते. साखर वाढलेली, एका बाजूचा गाल बधिर आणि नाकात काळी खपली. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरने मराठवाड्यात किती घरांना घोर लावला, ते आपण पाहिले आहे. ही बुरशी लाटेबरोबर संपलेली नाही. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना ती आजही सायनसमधून डोळ्यात शिरू शकते, आणि या रुग्णालयात अशा रुग्णाच्या नाकाची दुर्बिणीने तपासणी त्याच दिवशी होते. मात्र येथे कोणी विनाकारण घाबरवतही नाही. माझी स्वतःची जुनी डोकेदुखी मी सायनसची समजत होतो. ओपीडीत तपासून ती अर्धशिशी असल्याचे सांगितले आणि स्कॅन लिहून दिला नाही. बहुतेक सर्दी आणि बहुतेक सायनसचा त्रास डोळ्याला धक्का न लावता बरा होतो, हेही त्यांनीच सांगितले.

उणिवाही आहेत. रात्री बिलाच्या खिडकीवर एकच माणूस असतो आणि अत्यवस्थ रुग्णाच्या नातेवाइकाला चाळीस मिनिटे रांगेत उभे राहावे लागते. खेड्यातून आलेल्यांना बसायला तळमजल्यावर पुरेशी बाकडी नाहीत. दाखल होताना सांगितलेला खर्च आणि शेवटचे बिल यांत फार तफावत नव्हती, एवढे मात्र प्रामाणिकपणे नोंदवतो.

माझी खरी तक्रार डिस्चार्ज कार्डाविषयी आहे. ते संपूर्ण इंग्रजीत आहे. डोळा हलवताना दुखणे, एकाचे दोन दिसणे, लाल रंग फिका वाटणे आणि ताप परत येणे, यांपैकी काहीही झाले तर वेळ न पाहता परत या, हे डॉक्टरबाईंनी तोंडी सांगितले. पण माझ्या वहिनीला ते वाचता येईल असे कागदावर कुठेच नव्हते. शेवटी मीच त्या कार्डाच्या पाठीमागे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिले आणि ते अजूनही त्यांच्या देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवलेले आहे.