लेकीच्या टाळूतला एक्स्पांडर: वापरानंतरचा अनुभव, इंदूरहून

लेकीच्या टाळूला बसवलेला एक्स्पांडर, म्हणजे स्क्रू फिरवून वरचा जबडा रुंद करणारं उपकरण, परवा निघाला. बसवला तेव्हा थंडी सुरू व्हायची होती, आता बाजारात आंबे आलेत. ओळखीतल्या बऱ्याच घरी सध्या मुलांना हेच सांगितलं जातंय आणि मला फोन येतायत, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. भीती सगळ्यांना स्क्रू फिरवायची वाटते, पण आमचा जीव खाल्ला तो खाण्याने आणि साफसफाईने.

लेक नऊ वर्षांची. वरचा जबडा अरुंद, त्यामुळे एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसायच्या. याला क्रॉसबाइट म्हणतात. तोंड मिटताना खालचा जबडा त्या बाजूला सरकायचा, हे आम्हाला कधी दिसलंच नव्हतं. डॉक्टरांनी आरशात दाखवल्यावर मात्र फोटोंतही दिसायला लागलं.

वरचा जबडा म्हणजे दोन हाडं, टाळूच्या मधोमध शिवणीने जोडलेली. लहान वयात ती शिवण पक्की झालेली नसते. एक्स्पांडर दाढांच्या आधाराने दोन्ही हाडांवर बाहेरच्या बाजूला दाब देतो, शिवण उघडते आणि मधल्या जागेत हळूहळू नवं हाड भरतं. हे ऐकून सासूबाई हादरल्याच. ‘पोरीचं हाड फाकवणार?’ त्यांना सांगितलं की हा उद्योग आजचा नाही. अमेरिकेतल्या एमर्सन एंजेल नावाच्या दंतवैद्याने १८६० सालीच एका मुलीच्या टाळूत स्क्रू बसवून हे केलं होतं. तेव्हा फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. पुढे १९६१ च्या सुमारास अँड्र्यू हास यांनी ही पद्धत पुन्हा रुजवली. सासूबाईंचं समाधान अर्धंच झालं, पण पुढे काही बोलल्या नाहीत.

आम्हाला मिळाला तो हायरॅक्स प्रकारचा: नुसता धातू, मध्ये स्क्रू, त्यातून निघालेल्या जाड तारा आणि दाढांना बसणारी कडी. हास प्रकारात टाळूला टेकणाऱ्या ॲक्रिलिकच्या गाद्याही असतात. आधी दाढांच्या फटींत छोटी रबरं घालतात, कड्यांना जागा व्हावी म्हणून. त्यांनी दात ठणकतात. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातलं दुखणं तिथेच जास्त होतं. मग माप घेतात आणि तयार झालेला एक्स्पांडर सिमेंटने चिकटवतात. सुई नाही, भूल नाही.

आता घरी स्क्रू फिरवायची चावी. स्क्रूला पुढच्या बाजूने एक भोक दिसतं. त्यात चावी घालायची आणि घशाच्या दिशेने ढकलायची, पुढचं भोक पूर्ण दिसेपर्यंत. एका फिरवण्यात साधारण पाव मिलिमीटर. भोक अर्धंच दिसत असेल तर फेरा पुरा झालेला नाही आणि दुसऱ्या दिवशी चावी आत जाणार नाही. चावी काढतानाही जपायचं. ओठांकडे ओढलीत तर स्क्रू उलटा फिरतो, म्हणून ती खाली जिभेच्या बाजूला सरकवून काढायची. मुलीचं डोकं मांडीवर, मोबाइलची बॅटरी बाबांच्या हातात आणि चावीला दोरा बांधलेला, म्हणजे हातातून सुटली तरी घशात जायला नको. रोज किती वेळा फिरवायचं ते डॉक्टर ठरवतात. कुणाला एकदा, कुणाला दोनदा. फिरवल्यावर नाकाच्या वरच्या भागात आणि पुढच्या दातांत दाब जाणवतो, डोळ्यांत पाणी येतं आणि थोड्या वेळात सगळं ओसरतं. सुरुवातीला डॉक्टरांनी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल लिहून दिलं होतं, पण त्याची गरज क्वचितच पडली.

काही दिवसांत समोरच्या दोन दातांत फट पडली. ही फट पडणारच, आणि ती पडली म्हणजे शिवण उघडली. आम्हाला क्लिनिकमध्ये याची आधी कल्पना दिली असती तर बरं झालं असतं; सकाळी उठून पाहते तो लेकीचा चेहराच निराळा! सासूबाईंना मात्र ती फट आवडली, दातांत फट असलेली मुलगी भाग्याची म्हणे. स्क्रू थांबवल्यावर हिरडीतले ताणलेले तंतू दातांना परत ओढतात आणि फट आपोआप मिटत जाते. आमची मिटली.

बोलणं पहिल्या आठवड्यात गबाळं झालं, तोंडात लाळ साठायची. शाळेत हिंदीत तिचं निभलं. घरी मराठीत ‘ळ’ आणि ‘ण’ अडले, कारण त्यांना जीभ वळून नेमकी टाळूला लागते आणि तिथे स्क्रू. ‘बाळ’, ‘केळं’, ‘शाळा’ सगळ्यांचा ‘ल’ झाला. मग जीभ आपली आपण वाट काढते. मोठ्याने वाचायला लावलं तर लवकर काढते.

आणि खाणं. इंदुरात राहून शेव टाळायची म्हणजे काय ते इंदूरकरालाच कळेल. शेवेचा चुरा स्क्रू आणि टाळूच्या मध्ये जाऊन दगडासारखा बसतो. पोह्यांवर शेव बंद. जिलबी तारांना चिकटते, गराडू (इथला तळलेला कंद) त्याहून जास्त, संक्रांतीला तिळाची चिक्की आणि कडक वडी दोन्ही बंद. भुट्ट्याचा कीस, मऊ खिचडी, वरणभात, उपमा, शिकंजी हे चाललं. साबुदाण्याची खिचडी चालेल असं वाटलं होतं, पण दाणे जाळीत अडकून बसतात. औषधाच्या दुकानातून बिनसुईची सिरिंज आणा, कोमट पाणी भरा आणि प्रत्येक खाण्यानंतर स्क्रूच्या वर फवारा मारा. महागड्या यंत्राची गरज नाही. कड्यांच्या कडेने छोटा ब्रश रोज फिरवायलाच हवा, नाहीतर कडी निघाल्यावर दाढेवर पांढरे डाग किंवा कीड दिसते.

मध्ये एक कडी सुटली. त्या वेळी चावी फिरवायची नाही आणि एक्स्पांडर हाताने ओढूनही काढायचा नाही, थेट डॉक्टर. पुन्हा चिकटवायचे पैसे वेगळे लागतात का, आणि पुढे दात सरळ करायच्या तारा (ब्रेसेस) लावायच्या झाल्या तर एक्स्पांडरचा खर्च त्यात धरलाय का, हे आधीच विचारून घ्या.

फिरवणं दोन-तीन आठवड्यांत संपतं. जबडा थोडा जास्तच रुंद करतात, कारण पुढे तो काहीसा आत येतो. त्यानंतर स्क्रू बंद करून एक्स्पांडर महिनोन्‌महिने तसाच ठेवतात, हाड भरण्यासाठी. पोरं इथेच कंटाळतात. ‘आता काय करतोय तो?’ याला घरात कुणाकडे उत्तर नसतं. ‘काही होत नाहीये, काढून टाका’ असं म्हणू नका. लवकर काढला तर सगळं मागे फिरतं.

घोरणं जाईल म्हणून काही जण एक्स्पांडरमागे लागलेत. टाळू म्हणजे नाकाची जमीन, त्यामुळे नाकातली वाटही थोडी रुंदावते हे खरं, पण मूल ॲडेनॉइड्समुळे (नाकामागच्या वाढलेल्या गाठींमुळे) घोरत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. आमच्या लेकीचं घोरणं होतं तेवढंच आहे.

माझ्या दिरालाही आता हे करून घ्यावंसं वाटतंय. तो तिशीचा. त्या वयात शिवण सहसा पक्की झालेली असते, दाढांच्या जोरावर उघडत नाही. मग टाळूच्या हाडातच छोटे स्क्रू बसवतात, किंवा शस्त्रक्रियेने आधी हाड मोकळं करून घ्यावं लागतं. तो सध्या दुसरं मत घ्यायला शासकीय दंत महाविद्यालयात जायचं म्हणतोय.

काढताना कट्‌ आवाज आला, दुखलं नाही. टाळूवर तारांचा लाल ठसा आणि थोडा वास होता, दोन-चार दिवसांत गेला. आता रात्री लावायची प्लेट दिली आहे. तारा लागतील की नाही ते सुळे आल्यावर पाहू, असं डॉक्टर म्हणाले.